घरातले प्रदर्शन

मुलांनो, चित्रांचे प्रदर्शन कोठे भरते, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? शाळेच्या सभागृहात, गावच्या वाचनालयात, नाहीतर मुंबईच्या जहांगीर कलादालनात, असे काहीतरी सांगाल. पण एखाद्याच्या राहत्या घरात प्रदर्शन भरते, हे तुम्ही कधी ऐकले आहे का? जिन्याजवळच्या भिंतीवर चित्रे, जेवणाच्या टेबलावर मातीची भांडी, परसातल्या झाडाखाली दगडाचा पक्षी आणि दारावर पाटी, 'आत या!' अशी प्रदर्शने खरोखरच भरतात. त्यांची माहिती या पाठात करून घेऊ या.

इंग्लंडची राजधानी लंडन. लंडनच्या वायव्येला सुमारे २५ किलोमीटरांवर वॉटफर्ड नावाचे शहर आहे. ते हर्टफर्डशर या परगण्यात येते. लंडनच्या यूस्टन स्थानकावर जलद गाडीत बसले, की साधारण २० मिनिटांत वॉटफर्ड येते. शहराजवळून कोल्न नदी वाहते. कॅशिओबरी नावाचे मोठे उद्यान तेथे आहे. बोटींची ये-जा होणारा एक जुना कालवाही या उद्यानातून जातो. भारतातून गेलेली पुष्कळ कुटुंबे या भागात राहतात.

विसाव्या शतकात वॉटफर्ड हे छापखान्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. लक्षावधी प्रती निघणारी रंगीत साप्ताहिके तेथे छापली जात आणि देशभर पाठवली जात. रंग कसा उतरेल, रेघ किती बारीक येईल, याकडे बारकाईने पाहणारे हजारो कामगार या शहरात होते. पुढे ते मोठे छापखाने एकामागून एक बंद पडले. शहराची ओळख बदलली. पण हाताने काहीतरी घडवण्याची आवड अशी बंद पडत नाही. ती घराघरांत चालू राहते.

दरवर्षी सप्टेंबर महिन्यात हर्टफर्डशर परगण्यात 'हर्ट्‌स ओपन स्टुडिओज' नावाचा उपक्रम होतो. स्टुडिओ म्हणजे कलावंताची काम करण्याची जागा. ओपन म्हणजे उघडी. ही जागा कोठे असते? कधी माळ्यावरच्या खोलीत, कधी गाडी ठेवायच्या खोलीत, तर कधी बागेतल्या लाकडी खोपटात. एरवी तेथे कलावंत एकटाच काम करतो. या दिवसांत मात्र परगण्यातल्या निरनिराळ्या गावांतले कलावंत आपली दारे सर्वांसाठी उघडतात. कोणाचे घर कोठे आहे, ते कोणत्या दिवशी व किती वाजता उघडे असेल, याची यादी आधीच प्रसिद्ध होते. लोक ती पाहतात आणि एका घराकडून दुसऱ्या घराकडे जातात. आत जायला तिकीट नसते.

कधीकधी चार-पाच कलावंत मिळून एकाच घरात प्रदर्शन मांडतात. का बरे? त्यामागे साधा हिशेब आहे. एकाकडे मोठी बैठकीची खोली असते, पण चित्रे थोडी असतात. दुसऱ्याकडे चित्रे खूप असतात, पण घर लहान असते. तिसरा भांडी घडवतो. चौथीला लाकडावर कोरीव काम येते. सगळे एकत्र आले, की घर भरते. पाट्या लावणे, चहा करणे, दारापाशी बसणे ही कामेही वाटून घेता येतात. शिवाय भांडी पाहायला आलेला माणूस चित्रेही पाहतो आणि चित्रे पाहायला आलेला माणूस कोरीव काम पाहतो. एकमेकांचे पाहुणे सर्वांचे पाहुणे होतात.

चला, अशा एका घरी मनानेच जाऊ या.

दाराशी पायपुसण्याला पाय पुसून आपण आत आलो. समोरच्या भिंतीवर जलरंगातली चित्रे आहेत. त्यांवर ऊन पडू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला आहे. जलरंग नाजूक असतात. सतत ऊन लागले, तर ते फिके पडतात. चित्रे कोठे टांगली आहेत, तेही पाहा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर आहे. उभ्या माणसाची नजर तेथे सहज जाते. तुमच्यासारख्या मुलांना मात्र मान थोडी वर करावी लागते! प्रत्येक चित्राखाली लहान चिठ्ठी आहे. चित्राचे नाव, ते कशाने काढले आणि त्याची किंमत तिच्यावर लिहिली आहे. एका चिठ्ठीवर लाल टिकली चिकटवली आहे. म्हणजे ते चित्र विकले गेले.

बाजूच्या खोलीत एक बाई ठसे उमटवून दाखवत आहेत. लिनोलियम नावाच्या मऊ पत्र्यासारख्या चादरीवर त्यांनी पान-फुले कोरली आहेत. त्यावर त्या रूळ फिरवून शाई लावतात, वर कागद ठेवतात आणि दाबतात. कागद उचलला, की कोरलेला भाग कोरा राहतो व उरलेला भाग छापला जातो. एक गंमत लक्षात ठेवा. ठशातून चित्र उलटे उमटते. म्हणून अक्षर कोरायचे असेल, तर ते आरशात दिसते तसे उलटे कोरावे लागते. छापखान्यांच्या शहरातल्या घरात ठशांचे काम पाहताना आपल्याला या शहराचा इतिहासही आठवतो.

जेवणाच्या टेबलावर वाडगे आणि सुरया मांडल्या आहेत. कुंभारकाम करणारे गृहस्थ एक वाडगा आपल्या हातात देतात. "घ्या, हातात घेऊन पाहा. भांडे डोळ्यांनी पाहायचे तसेच हातांनीही पाहायचे असते," असे ते म्हणतात. ही भांडी भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सियस तापमानाला भाजतात. पाणी १०० अंशांना उकळते. यावरून भट्टीतल्या आचेची कल्पना करा! एवढी आच लागल्यावर माती दगडासारखी टणक होते. पण मातीत ओल राहिली असेल, तर भांडे भट्टीत फुटू शकते. म्हणून टेबलावरच्या प्रत्येक भांड्यामागे आणखी काही फुटलेली भांडी असतात. मोठ्या कलादालनात आपल्याला ती कधी दिसत नाहीत. येथे मात्र परसातल्या कोपऱ्यात त्यांचा ढीग पडलेला असतो. कलावंत तो लपवत नाही.

घरातल्या प्रदर्शनाचे हेच वैशिष्ट्य आहे. तेथे पुरे झालेले काम दिसते आणि अर्धवट कामही दिसते. रंग लागलेला अंगरखा खुंटीला असतो. ब्रश पाण्यात उभे असतात. ज्याने वस्तू घडवली तो माणूस समोर असतो. त्याला आपण विचारू शकतो.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. अनोळखी माणसांना आपल्या घरात का येऊ द्यायचे? मोठ्या कलादालनात प्रदर्शन का भरवायचे नाही?

त्याचे एक कारण पैशाचे आहे. कलादालनाचे भाडे द्यावे लागते, किंवा विकलेल्या चित्राच्या किमतीतला मोठा वाटा द्यावा लागतो. नवख्या कलावंताला ते परवडत नाही. दुसरे कारण असे, की कलादालनवाले थोड्यांनाच निवडतात. बाकीच्यांचे काय? कोणी दिवसभर कचेरीत नोकरी करतो आणि रात्री चित्र काढतो. कोणी मुले शाळेत गेल्यावर चाकावर बसते. त्यांचे काम चांगले असूनही वर्षानुवर्षे कपाटात राहते. शेजाऱ्यांनाही ते ठाऊक नसते. कोणी पाहतच नाही, मग कशाला करायचे, असे त्या माणसाला वाटू लागते. मुलांनो, चांगले काम असेच कपाटात राहून थांबले, तर नुकसान कोणाचे? करणाऱ्याचे तर होतेच. गावाचेही होते.

दार उघडायला धीर लागतो. लोक हसतील का, कोणीच आले नाही तर, अशी भीती वाटते. म्हणूनच चार जण एकत्र येतात. एकट्याची भीती चौघांत वाटली, की लहान होते.

कलावंतांनी घराचे दार उघडणे ही काही अगदी नवी गोष्ट नाही. सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी लंडनमधले चित्रकार दरवर्षी वसंत ऋतूत एका रविवारी आपली चित्रशाळा पाहुण्यांसाठी खुली ठेवत. मोठ्या प्रदर्शनाला चित्रे पाठवण्याआधी लोकांना ती घरीच पाहायला मिळत. फ्रेडरिक लेटन या नामवंत चित्रकाराचे लंडनमधले घर तर आज संग्रहालय झाले आहे.

पॅरिस शहरात एक वेगळीच घटना घडली. तेथे दरवर्षी भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात कोणती चित्रे घ्यायची, हे परीक्षक ठरवत. नव्या पद्धतीने रंगवणाऱ्या तरुण चित्रकारांची चित्रे ते अनेकदा नाकारत. तेव्हा या चित्रकारांनी १८७४ साली आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. ते एका छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत भरले होते. पुष्कळांनी त्यांची टिंगल केली. तरी ते थांबले नाहीत. १८७७ साली त्यांचे तिसरे प्रदर्शन एका राहत्या इमारतीतल्या रिकाम्या घरात भरले. त्या घराचे भाडे गुस्ताव्ह कायबोत या त्यांच्यातल्याच एका चित्रकाराने दिले. तेथे १८ कलावंतांची चित्रे होती. क्लोद मोने यांनी रेल्वे स्थानकातली वाफ आणि धूर रंगवला होता. ज्यांना त्या काळी लोक हसले, त्यांची चित्रे पाहायला आज जगभरातून माणसे येतात.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचे शहर आहे. तेथे १९८२ साली नेड हॉस्किन्स या चित्रकाराने आपले घर प्रदर्शनासाठी उघडले. शेजारच्या कलावंतांनी ते पाहिले आणि त्यांनीही आपली घरे उघडली. आता तेथे दरवर्षी मे महिन्यात अनेक घरांत प्रदर्शने भरतात. एका दाराने किती दारे उघडली, पाहा!

वॉटफर्डला तर चित्रकलेची जुनी परंपरा जवळच मिळाली आहे. शहराला अगदी लागून बुशी नावाचे गाव आहे. ह्यूबर्ट फॉन हर्कोमर हे चित्रकार तेथे राहत. त्यांचा जन्म १८४९ साली जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात झाला. ते लहान असतानाच त्यांचे आईवडील देश सोडून बाहेर पडले आणि इंग्लंडला आले. लहानपण गरिबीत गेले. पुढे मोठे नाव झाल्यावर त्यांनी १८८३ साली बुशीत चित्रकलेची शाळा काढली. ती १९०४ सालापर्यंत चालली. शेकडो विद्यार्थी तेथे शिकले. ते गावातच खोल्या घेऊन राहत. साध्या खेड्यात ठिकठिकाणी चित्रशाळा दिसू लागल्या.

हर्कोमर यांचे १८८५ सालचे एक चित्र फार प्रसिद्ध आहे. त्यात बुशीजवळची एक गल्ली आहे. काम शोधत फिरणारा मजूर रस्त्याच्या कडेला उभा आहे. त्याची अवजारे खाली पडली आहेत. बायको आणि मुले थकून बसली आहेत. मजूर मात्र दूर वाटेकडे पाहत आहे. चित्रासाठी हर्कोमर लांब गेले नाहीत. घराजवळच्या रस्त्यावर जे दिसले, तेच त्यांनी रंगवले. ते चित्र आज मँचेस्टरच्या कलासंग्रहालयात आहे.

त्यांच्या शाळेत लूसी केम्प-वेल्च नावाच्या विद्यार्थिनी होत्या. घोड्यांची चित्रे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. १८९७ साली त्यांनी रानटी घोड्यांचे भले मोठे चित्र रंगवले. ते देशाच्या संग्रहासाठी विकत घेतले गेले. पुढे बुशीतच त्यांनी स्वतः चित्रशाळा चालवली. त्या काळी स्त्रियांना कलेचे शिक्षण मिळणे सोपे नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. बुशीच्या संग्रहालयात आजही त्यांची चित्रे पाहायला मिळतात.

मुलांनो, इतक्या दूरच्या गोष्टी वाचल्यावर आता आपल्या महाराष्ट्रात या. घराच्या भिंतीवरचे चित्र आपल्याला नवे आहे का? मुळीच नाही. पालघर जिल्ह्यातल्या वारली लोकांची घरेच चित्रांनी नटलेली असतात. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, तिच्यावर गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाने चित्र काढायचे. ब्रश म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. गोल, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यांतूनच माणसे, झाडे, गुरे, शेते उभी राहतात. लग्न असले, की सवाशिणी भिंतीवर देवीचा चौक काढतात. लग्नाला आलेले सारे गाव तो पाहते.

या चित्रांखाली कोणी नाव लिहीत नसे. कित्येक पिढ्यांतल्या बायकांनी भिंती रंगवल्या. पण त्यांची नावे आज आपल्याला माहीत नाहीत. १९७०नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने ही कला पाहिली आणि वारली कलावंतांना कागद व रंग दिले. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे मग देशोदेशी गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. भिंतीवरची कला जगाने पाहिली, ती अशी. पण तिची सुरुवात एका घराच्या भिंतीवरच झाली होती.

आपल्या घरातही पाहा. आजीने शिवलेली गोधडी, आईने दारात काढलेली रांगोळी, काकांनी केलेला आकाशकंदील, दादाने लाकडाचा कोरलेला बैल या सगळ्या वस्तूंमागे हात आहेत, डोळे आहेत आणि वेळ आहे. आपण त्या रोज पाहतो, म्हणून नीट पाहत नाही. गोधडीत किती जुन्या साड्या आहेत, हे आजीला विचारले आहे का? ही निळी चौकट कोणाच्या साडीची, असे विचारा. आजी एक नाही, दहा गोष्टी सांगेल.

प्रदर्शन पाहण्याचीही एक रीत असते. घाईने सगळे पाहण्यापेक्षा दोन वस्तूंसमोर थोडा वेळ थांबावे. विचारल्याशिवाय हात लावू नये. "हे काय आहे?" एवढेच न विचारता "हे तुम्ही कसे केले?" "यातले सर्वांत अवघड काय होते?" असे विचारावे. आवडले नाही, तर नाक मुरडू नये. आवडले, तर काय आवडले ते नेमके सांगावे. "छान आहे" हे ऐकून कलावंताला बरे वाटते. पण "पावसाळी आभाळाचा हा करडा रंग मला आवडला" हे ऐकले, की त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्रश हातात घ्यावासा वाटतो.

मग काय, तुम्हीही असे प्रदर्शन भरवाल का? वाड्यातली, चाळीतली किंवा गल्लीतली चार-पाच मुले एकत्र या. एकाच्या घरची पडवी किंवा ओटी मागून घ्या. मोठ्यांची परवानगी आधी काढा. कोणी चित्रे आणा, कोणी मातीचे बैल आणा, कोणी आजीची गोधडी दोरीवर टाका. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावा. वस्तू कोणी केली, कशाची केली आणि कधी केली, ते सुवाच्य अक्षरांत लिहा. जिने गोधडी शिवली, त्या आजीचे नाव लिहायला मात्र विसरू नका. चिठ्ठ्या लावून झाल्या, की दार उघडा आणि शेजाऱ्यांना बोलवा.

शब्दार्थ

परगणा – राज्याचा किंवा देशाचा एक भाग
कलादालन – कलेच्या वस्तू मांडण्याची मोठी खोली
परीक्षक – पारख करून निवड करणारा
हातखंडा असणे – एखाद्या कामात अतिशय तरबेज असणे
कुड – काटक्यांची किंवा कारवीची भिंत
गेरू – तांबूस रंगाची माती
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे
सुवाच्य – सहज वाचता येईल असे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वॉटफर्ड हे शहर कोणत्या परगण्यात आहे?
(आ) जलरंगातल्या चित्रांवर ऊन का पडू देत नाहीत?
(इ) चिठ्ठीवरच्या लाल टिकलीचा अर्थ काय?
(ई) १८७७ सालच्या प्रदर्शनासाठी घराचे भाडे कोणी दिले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चार-पाच कलावंत एकाच घरात प्रदर्शन का मांडतात?
(आ) ठसा कोरताना अक्षर उलटे का कोरावे लागते?
(इ) वारली चित्रे काढण्यासाठी कोणकोणत्या वस्तू लागतात?

३. कारणे सांगा.
(अ) कुंभारकाम करणाऱ्याच्या परसात फुटलेल्या भांड्यांचा ढीग असतो.
(आ) कित्येक वारली स्त्रियांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

४. वाक्यांत उपयोग करा.
हातखंडा असणे, नाक मुरडणे, धीर लागणे

५. विचार करा व सांगा.
'एकट्याची भीती चौघांत वाटली, की लहान होते.' तुम्हांला असा अनुभव कधी आला? वर्गात सांगा.

उपक्रम

बटाटा अर्धा कापून त्यावर आपल्या नावाचे पहिले अक्षर कोरा. मोठ्या माणसाची मदत घ्या. शाई लावून कागदावर ठसा उमटवा. अक्षर सुलटे आले का? आले नसेल, तर दुसऱ्या अर्ध्या भागावर पुन्हा प्रयत्न करा.